चौथ्या पुस्तकातलं पान

लोणीच्या शाळेत मी शिकवलेली पोरं आता कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडतात. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यात मला मानानं घेतलेलं आहे. मान म्हणजे काय, तर रोज सकाळी वीस-पंचवीस सूर्योदय बघायचे आणि प्रत्येकाला अंगठा दाखवायचा. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्या एकानं लिहिलं, "सर, रानातली फोटोग्राफी शिकायला कोणती पुस्तकं वाचावीत? यादी टाका." मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं शिकणाऱ्या पोरांनी पुस्तक मागावं याचं मला इतकं बरं वाटलं, की मी चहा बाजूला ठेवून लगेच लिहायला बसलो.

पहिलं पुस्तक मी लिहिलं ते कॅमेऱ्याचं नव्हतंच, आपल्याकडच्या झाडांची ओळख करून देणारं होतं. ज्याला उंबर आणि पायर यांतला फरक कळत नाही त्यानं फोटो कशाचा काढला हे त्याला तरी कसं कळणार? पोरांना हे आवडणार नाही हे मला माहीत होतं. दुसरं सांगितलं ते कॅमेऱ्याच्या खोक्यात मिळणारं माहितीपत्रक, जे नव्वद टक्के लोकांच्या घरी त्या खोक्यातच म्हातारं होतं. तिसरं एक पातळ मराठी पुस्तक. कागद भुरकट, चित्रं काळी-पांढरी आणि तीही फिसकटलेली, पण उजेडाबद्दल मला जे काही कळलं ते त्यातून. त्यात एक अभ्यास दिला होता. एकच झाड महिनाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघायचं, कॅमेरा न घेता. मी राजुरीला, आमच्या गावी, कांद्याच्या वावराच्या बांधावरची बाभळ निवडली. पंधरा दिवसांत भावकीत बोलणं सुरू झालं, की हा बाभळ तोडून प्लॉट पाडणार दिसतो. चुलतभावानं तर येऊन विचारलं, "गुंठ्याला काय भाव काढतोय राव?"

इथवर हात भराभर चालला. चौथं पुस्तक लिहायची वेळ आली आणि मी मोबाईल खाली ठेवला.

ते पुस्तक जाडजूड, इंग्रजी, परदेशी. पुण्यात फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं होतं. रानातल्या फोटोग्राफीवर त्याहून चांगलं पुस्तक मी आजवर पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं इंग्रजी डी.एड.पुरतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचलं आणि समासात पेन्सिलीनं अर्थ लिहीत गेलो. दीड वर्ष लागलं. तेव्हा माझी नोकरी तळेघरच्या बाजूला, डोंगरातल्या एका शाळेत होती. दिवसातून दोन-तीन एसट्या, बाकी सगळं पायी. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायचो. भात आणि नाचणी पिकवणारं घर. म्हातारा-म्हातारी दोघंच, मुलगा पुण्याला कंपनीत. मी त्यांना बाबा आणि मावशी म्हणायचो, ते मला गुरुजी म्हणायचे. संध्याकाळी मी पुस्तक वाचत बसलो की बाबा समोर येऊन बसत. मी पान उलटलं की विचारत, "आज काय म्हणतंय पुस्तक?" मग मी सांगायचो. त्यांना वाचता येत नव्हतं, पण छापलेल्या अक्षरावर त्यांचा जो विश्वास होता तो मी शिकलेल्या माणसांत कधी पाहिला नाही. मला तो विश्वास आवडायचा. खरं सांगायचं तर मी त्याच्यावर माजलो होतो.

गावाजवळ वनदेवीची राई आहे. तिथलं पान कुणी तोडत नाही. वाळकी फांदी पडली तर ती तिथंच कुजते, सरपणाला कुणी उचलत नाही. राईच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. आत जाणाऱ्यानं कोयता त्या दगडावर ठेवायचा आणि परतताना उचलायचा. उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणीच्या आधी, देवीची जत्रा असते आणि त्या दिवशी पहिला नारळ बाबांच्या घरचा फुटतो. त्यांच्या आज्यापणज्यापासून. त्या घरात दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं. पण नारळाचं बोलणं निघालं की बाबा टोपी नीट करून बसत.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला राजुरीला आलो होतो. बाबांचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला, राईच्या कडेला लांब पांढऱ्या शेपटीच्या पाखरानं घरटं केलंय, पिल्लं हायेत, गुरुजींना सांगा. स्वर्गीय नर्तक. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो आणि नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गाड्या बदलत दुपारी पोचलो. परतीची गाडी चारची. त्या दिवशी राजुरीला घरी पाहुणे यायचे होते आणि मला मुक्काम करायचा नव्हता.

बाबांनी कोयता दगडावर ठेवला आणि मला तिथं नेलं. घरटं डोक्याच्या थोडं वर, वाटीएवढं. तीन पिल्लं. नर येऊन चारा भरवून जात होता, शेपटी वाऱ्यावर सोडल्यासारखी. पण घरट्यावर एक पानांनी भरलेली फांदी आडवी आली होती. सगळं सावलीत. फोटोत काळा गोळा येत होता.

यावर काय करायचं ते पुस्तकात होतं. मी ते चांगलं वाचलं होतं, समासात अर्थही लिहिला होता. फांदी तोडायची नाही. दोरीनं हलकेच बाजूला बांधायची, काही मिनिटांत फोटो घ्यायचे, दोरी सोडायची, फांदी पुन्हा जागेवर आणायची. पिल्लांना ती सावलीच जगवते. आई-बाप घाबरून लांब राहिले तर फोटो सोडून निघून जायचं. माझ्याजवळ दोरी नव्हती. घड्याळात तीन वाजत आले होते.

मी बाबांना म्हणालो, "ही फांदी काढावी लागेल."

ते फांदीकडे बघत राहिले. "राईची हाय गुरुजी."

"झाड कडेचं आहे. राई इथून पुढं सुरू होते," मी म्हणालो. राई कुठं सुरू होते हे मी त्यांना सांगत होतो.

मग त्यांनी सरळ विचारलं, "पुस्तकात आसंच लिव्हलंय का?"

मी हो म्हणालो.

ते दगडापर्यंत परत गेले, कोयता घेऊन आले आणि एका घावात फांदी खाली पाडली. ऊन घरट्यावर आलं. मी चाळीस-पन्नास फोटो घेतले. त्यातला एक इतका देखणा आला, की पुढच्या वर्षी इथल्या एका पतसंस्थेनं तो दिनदर्शिकेवर छापला. चारची गाडीही मला मिळाली.

आठवड्यानं बाबा राजुरीला माझ्या घरी आले. ते त्यांचं पहिलंच येणं. हातात हातसडीच्या तांदळाची पिशवी. सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले आणि पाणी पिऊन झाल्यावर सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी घरट्यात पिल्लं नव्हती. उन्हानं गेली की कावळ्यानं नेली ते त्यांना कळलं नाही. तोडलेल्या फांदीचा पांढरा खुंट लोकांना दिसला. गावानं विचारायच्या आत यांनीच सांगितलं, की कोयता माझा. चार जाणती माणसं बसली. त्यांनी विचारलं, का तोडली? हे म्हणाले, गुरुजींच्या पुस्तकात तसं लिहिलंय, त्यानं पाखराला काही होत नाही म्हणून तोडली.

"मंग मान्सं म्हणली, पुस्तकात आसंल तर तुझा दोष न्हाई, पुस्तकानं फसवलं तुला. गुरुजींना जत्रेला बोलाव, त्येंनी चार मान्सांत ते पान वाचून दाखवावं. न्हाईतर ह्या सालापासनं नारळ चुलत्याच्या घरी." ते थांबले आणि हसले. "म्या म्हणलं, त्यात काय, येत्याल की गुरुजी. येका पानाचं तर काम हाय."

पुस्तक त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर होतं. जाड, निळ्या पाठीचं. त्यांनी मान वळवली असती तर दिसलं असतं आणि ओळखलंही असतं, कितीतरी संध्याकाळी ते त्याच्यासमोर बसले होते.

मी म्हणालो, "पुस्तक मी एका मित्राला वाचायला दिलंय. मिळालं की येतो."

आज मी त्या वाक्याकडे बघतो तेव्हा वाटतं, दोन वाटा सरळ होत्या. तिथंच कबूल करायचं, किंवा जत्रेला जाऊन चार माणसांत उभं राहून म्हणायचं, की पुस्तकात असं नाही, मी खोटं बोललो, यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. फार तर माझी लाज गेली असती. लाज जाऊन माणूस मरत नाही. पण मी गुरुजी होतो ना. गावानं डोक्यावर घेतलेला गुरुजी. खोटं पान वाचून दाखवायचाही विचार माझ्या मनात येऊन गेला, तेही लिहून ठेवतो. तिथं इंग्रजी कुणाला येत होतं? मी जत्रेला गेलो नाही. जूनमध्ये माझी बदली लोणीला झाली. अर्ज आधीच केलेला होता, पण मी त्या कागदाला हात जोडले. खोलीतलं सामान आणायला मी मेव्हण्याला पाठवलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. निवृत्ती आली. त्या पुस्तकाचं नाव यादीत लिहायचं की नाही, एवढ्या साध्या प्रश्नाशी मी आठ दिवस बसून राहिलो. लिहिलं नाही तर पुस्तकावर अन्याय, त्याचा काहीच दोष नव्हता. लिहिलं तर कोणत्या तोंडानं? शेवटी पुस्तक पिशवीत घातलं आणि पहाटेची गाडी धरली.

घर तसंच होतं, फक्त वर पत्रा आला होता. बाबा पडवीत बसले होते. डोळ्यांनी अंधुक दिसतं आता. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मावशीनं पाणी दिलं आणि भिंतीला टेकून बसली. मी इकडचं तिकडचं बोलत बसलो नाही, बसलो असतो तर राहूनच गेलं असतं. सांगितलं, की पुस्तक आणलंय, पान वाचतो.

मी वाचलं, वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगितलं. फांदी तोडायची नाही. बांधायची. सोडायची. पाखरू आलं नाही तर निघून जायचं. मग म्हणालो, "हे मला त्या दिवशीही माहीत होतं बाबा. माझ्याकडं दोरी नव्हती आणि गाडीची घाई होती. म्हणून मी हो म्हणालो."

त्यांनी चाचपडत पानावर हात ठेवला. मग म्हणाले, "दोरी व्हती की घरात. काथ्याचं अख्खं भेंडोळं व्हतं. सांगायचं नाय का, पळत जाऊन आणली आसती."

मी म्हणालो, आत्ता गावात चार माणसं जमवू, मी सगळ्यांसमोर हेच वाचतो. ते हसले. "कुणाफुडं वाचता? जी बसली व्हती त्यातला येक बी ऱ्हायला न्हाई. चुलत्याचा नातू फोडतो आता नारळ. पोरगं ब्येस हाय. त्येला आता काय म्हणून थांबवायचं, त्येचा काय दोष?" आणि म्हणाले, "पर पुस्तक खरं निघालं, ते बरं झालं. लोक म्हणायची, पुस्तकं आसलीच आसत्यात. म्या म्हणायचो, न्हाई, त्यात चूक नसणार."

 मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "जत्रेच्या दिशी ह्ये सकाळच्या गाडीला जाऊन उभं ऱ्हायले व्हते, गुरुजी. धुतल्याली टोपी घालून. तुमी उतरला न्हाई. मान्सं म्हणली, चला आता. ह्ये म्हणले, दुपारच्या गाडीनं येत्याल, गुरुजींनी शब्द दिलाय. दुपारची बी गेली. देवी खोळंबली, तरी ह्ये तिथंच."

बाबांनी तिला हातानं गप्प केलं. "जुनं काय काढतीस," म्हणाले, आणि मला विचारलं, जेवून जाणार ना. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मावशीनं भाकरी वाढली, नाचणीची, वर कांदा ठेवला, आणि मी खाली मान घालून जेवलो.