सुनंदाताईचा काटकोन

गणित शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते वहीतल्या चुकांसारखे आपोआप वाढत जातात. दिघोरीत मी मोठ्या बायकांचा दहावीचा रविवारचा वर्ग घेते. तिथले निम्मे किस्से एकट्या पायथागोरसच्या प्रमेयाचे आहेत!

*

सुनंदाताई अंगणवाडीत मदतनीस. दोनदा फक्त गणितात राहिलेली. "ह्या खेपेले नाही झालं तर पुस्तकं रद्दीत," असं घरी सांगूनच आलेली. पहिल्या दिवशी प्रमेय सिद्ध करायला सांगितलं, तर म्हणते, "मॅडम, पुस्तकात छापलं आहे, खोटं थोडीच राहीन? मंग सिद्ध कायले करा लागते?"

"परीक्षेत विचारतात म्हणून," मी म्हटलं.

*

मग तिने सिद्धता पाठ केली. झाडू मारताना, भाकरी थापताना, एबीसी त्रिकोण घडाघडा. मी मुद्दाम फळ्यावर पीक्यूआर काढला. ताईने पेनला टोपण लावलं.

"ह्याची अन् माझी ओळख नाही जी."

*

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिने धानाच्या बांधीत, चिखलावर त्रिकोण काढून सोबतच्या बायकांना सिद्धता ऐकवली. कधीच शाळेत न गेलेल्या रुखमाबाईंनी विचारलं, "मधात तो लंब काहून टाकला?"

ताई अडली. रविवारी तोच प्रश्न माझ्यापुढे. इतकी वर्षं शिकवते, पण हे कोणी विचारलंच नव्हतं! आम्ही कागदाचा काटकोन त्रिकोण काटकोनातून टाकलेल्या त्या लंबावर कापला आणि दोन्ही तुकड्यांचे कोन मोठ्या त्रिकोणाशी जुळवून पाहिले. सगळे तेच.

"दोन्ही लेकरं मायच्या तोंडावर गेली," ताई म्हणाली. त्या दिवसापासून पाठांतर सुटलं.

*

मार्चच्या पेपरात प्रमेय आलं, अक्षरं भलतीच. निकाल लागला, ताई पास!

आम्ही दोघी तडक तिच्या नवऱ्याच्या कामावर गेलो. गेंदलाल मिस्त्री भिंतीचा कोपरा दोरीने काढत होता. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरपी पाच, की झाला काटकोन. ताईने मोबाइलवरचा निकाल दाखवला. गेंदलाल हसला. पण ताईचं लक्ष दोरीकडे.

"तुमी उलटं करून राहिले."

"चुकलं काय?"

"चुकलं नाही. काटकोन असला तर बाजू अशा येतात, येवढंच मी पेपरात सिद्ध केलं. बाजू अशा असल्या तर काटकोन येतेच, हे वेगळं सिद्ध करा लागते."

"माझी एक भिंत वाकडी गेली नाही आजवर."

ताई वाळूच्या ढिगाजवळ बसली आणि बोटाने रेघ ओढली. "थांबा. सिद्ध होईपर्यंत कोणी काम करू नका."

गेंदलालने हातातली दोरी खाली ठेवली.