वच्छलानं जपानला पाठवलेले दगड

सौंसरपासून दोन कोसांवर मँगनीजची एक लहानशी खासगी खाण होती. तिथं वच्छला दगड निवडायची. बघणाऱ्याला सगळे दगड सारखेच काळे. पण अस्सल माल हातात जड लागतो, आणि ज्याच्या पोटात पांढरी गार, म्हणजे गारगोटी, असते तो अंमळ हलका. हा फरक वच्छलाच्या तळव्याला कळायचा. तिचं माहेर पांढुर्ण्याजवळ, जाम नदीपलीकडचं सावरगाव; तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांना गोटे मारतात. म्हणून सोबतच्या बाया चिडवायच्या, "गोटमारीच्या गावची पोरगी हाय, तिले गोटे नाई ओळखू येनार त कोनाले येईन?"

सगळ्यात चोख माल पोत्यांत भरून जपानला जायचा. तिथं त्याची भुकटी करून बॅटरीच्या सेलमध्ये घालतात, असं म्हणत. या मालासाठी सहा बाया खास नेमल्या होत्या आणि त्यांत वच्छलाचा हात पहिला. मुकादम होता गजानन. "माहं पोतं जपानवरून कधी वापस नाई आलं," हे त्याचं वाक्य दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचं.

चौऱ्याऐंशीच्या भादव्यात वच्छलाचा नवरा चिंधू याच खाणीत मेला. विशाखापट्टणमच्या बंदरात जहाज लागलं होतं आणि चाळीस पोती कमी पडत होती. एका कपारीखाली चांगला माल होता. कपार सुटलीये, कधीही खाली येईल, हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. गजाननलाही ठाऊक होतं. तरी त्यानं चिंधूला खाली उतरवलं. जपानच्या कारखान्याला सेल हवेत, मालकाला जहाज गाठायचंय, मुकादमाला मालकाची शाबासकी पाहिजे, आणि या सगळ्यांच्या तळाशी पहार घेऊन उभा कोण, तर मोहगावचा चिंधू. कपार त्याच्यावर आली. जहाज मात्र वेळेवर सुटलं.

चौकशीच्या कागदावर गजाननानं लिहिलं, मजूर दारूच्या नशेत होता.

चिंधूनं लग्नाआधीच विहारात पंचशील घेतलं होतं, त्यातलं पाचवं शील दारूला न शिवण्याचं. खोकल्याचं औषधसुद्धा तो हुंगून बघायचा आणि वास आला की परत करायचा. अशा माणसावर हा कागद! आणि लोकांचं काय सांगावं? वर्षभरात वस्तीतलेच काही जण कुजबुजू लागले, "आता लेखी हाय म्हनल्यावर काई त असनच." नवरा गेल्याचं दुःख वच्छलानं गिळलं. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. तिला गजाननचं वाटोळं करायचं होतं. त्यासाठी ती देवाच्या भरवशावर बसणार नव्हती. देव तर तिच्या सासऱ्यानं छप्पन्न सालीच घराबाहेर काढले होते.

नवरा गेल्यावरही वच्छला कामावर येत राहिली, म्हणून गजाननला वाटायचं, बाईनं सगळं मुकाट्यानं घेतलं. ती मात्र दगड ओळखणाऱ्या त्याच हातानं कामाला लागली होती. माल तपासणारे बापूजी पोत्याच्या तोंडाशी हात घालून नमुना काढायचे. वच्छला पोत्याच्या पोटात, मधोमध, गारेचे दगड सोडायची. वरून काळे कुळकुळीत, आत पांढरे. दर पोत्यात पंधरा-वीस. प्रत्येक दगड टाकताना मनात म्हणायची, "पेला होता म्हनतो? हा घे." चार महिने हे चाललं, आणि तेवढे दिवस तिला जेवण गोड लागलं. असं कुणाला सांगितलं असतं तर तिला वेडी ठरवलं असतं, पण लागलं हे खरं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात जपानहून तार आली. माल नापास, पुढची मागणी बंद. इतक्या लांबच्या देशानं एक नाही म्हटलं आणि इकडे सहा बाया घरी बसल्या. त्यांतल्या कुसुमला तर हातात बांगड्या भरून मुलीला सासरी पाठवायचं होतं, ती उंबऱ्यावर बसून रडली. हे वच्छलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, दगड नीट जाऊन एकट्या गजाननला लागेल.

मग कारण बघायला जपानचा एक साहेब येणार, असं ठरलं. खाणीच्या मॅनेजरला कारण तयार ठेवायचं होतं. त्यानं जुनंच काढलं: मुकादम कामावर दारू पिऊन असायचा, म्हणून देखरेख राहिली नाही. खरं सांगायचं तर गजानन माळकरी होता, थेंबाला शिवत नव्हता.

हे त्याच्या कानावर आलं आणि दुपारी तो वच्छलाच्या अंगणात येऊन उभा राहिला. एरवी "ए चिंधूची बायको" म्हणणारा, आज म्हणाला, "वच्छलाबाई, साहेब बायायले इचारनार हाय. तुमी रोज पाहत होत्या. मी पेत नाई, एवढं सांगजा."

"सांगीन," वच्छला म्हणाली. "पयले तुमी लिवून द्या, चिंधू पेला नोता म्हनून. अन् कपारीखाली त्याले कोनं उतरवलं, तेई लिवा."

तो घाम पुसत राहिला. दोन वर्षांपूर्वीची मिटलेली गोष्ट, आता कोण उकरतं, असा त्यानं विचार केला असावा. त्यानं लिहिलं, खाली सही केली. कागदाचं काय करणार, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जपानचा साहेब, नागपूरहून आणलेला दुभाषी आणि मॅनेजर बसले होते. दाराशी बाकावर गजानन. वच्छलानं आत जाऊन साहेबाला हात जोडले, "जयभीम, नमो बुद्धाय." वस्तीत सगळे म्हणत, जपानचे लोक आपल्याच धम्माचे. हा साहेब आदल्या संध्याकाळी मॅनेजरच्या बंगल्यावर काय पीत होता, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. बरंच झालं.

मॅनेजरनं विचारलं, "मुकादम कामावर दारू पिऊन यायचा ना?"

"नाई," वच्छला म्हणाली. "हा मानूस कधीच पेत नाई. जे करते ते शुद्धीत करते. माह्या नवऱ्याले सुटलेल्या कपारीखाली उतरवलं, तवाई शुद्धीत होता. मेलेल्या मानसाले दारुड्या लिवलं, तवाई शुद्धीत होता. हे घ्या, त्याच्याच हातचं." तिनं कागद टेबलावर ठेवला. "अन् पोत्यातले गारेचे दगड म्या टाकले, याचं वाटोळं व्हावं म्हनून. बाकीच्या पाच बायायले ठाऊक नाई, त्यायले कामावर घ्या."

दुभाष्यानं मॅनेजरकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय पाहता? साहेबाले सांगा. त्यायच्याच जहाजासाठी मेला तो. पाचवं शील त्यायले माहीत असन."

दुभाष्यानं सांगितलं. साहेबानं चष्मा काढला, कागद पुढे ओढला आणि दुभाष्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. या वेळी तो लिहून घेत होता. वच्छला त्याची लेखणी थांबेपर्यंत उभी राहिली. त्यात चिंधूचं नाव आहे ना, हे तिनं दोनदा विचारून घेतलं.

ती बाहेर येताच गजानन बाकावरून उठला. दारातून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"वच्छलाबाई, तुमी त म्हनलं होतं, मी पेत नाई असं सांगीन!"

"सांगतलं ना," वच्छला म्हणाली.