भावोजींचं निजलेलं नाक

माझ्या ताईच्या नवऱ्याइतकं तल्लख नाक या भूतलावर दुसऱ्या कुणाला लाभलेलं नसावं, आणि लाभलं असेलच, तर त्या माणसाला त्याच्या मेहुणीने जेवायला बोलावणं केव्हाच बंद केलं असेल. भावोजी ड्रोहेडा या आयरिश गावाजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. दिवसभर गोळ्यांच्या बॅचेस पास-नापास करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी तोच शिक्का खिशात घालून लोकांकडे जेवायला जायचं, हा त्यांचा खाक्या. मी लग्न होऊन ॲडम्सटाउनला आले त्याच्या पहिल्याच रविवारी ताई-भावोजी आमच्याकडे आले होते. दोन तास खपून मी आमटी केली होती. भावोजींनी वाटी नाकापाशी नेली, डोळे मिटले आणि वाटी खाली ठेवत म्हणाले, "गूळ उशिरा पडला." पडला होता, मान्य आहे. पण परक्या देशात नुकतीच चूल मांडलेल्या मुलीला हे असं तोंडावर सांगतात का कुणी? त्या दिवसापासून ते दारात दिसले की मी आमटी तीनतीनदा चाखून बघायची.

बरं, हे नाक फक्त आमच्याच आमटीत खुपसलं असतं तरी चाललं असतं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते उभे राहिले की शिरा करणाऱ्या बायका एकमेकींना खुणावायच्या, "आले गं, इन्स्पेक्टर आले." दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या ते इतक्या मन लावून हुंगायचे की तिथला रखवालदार त्यांच्यामागून दोन रांगा फिरायचा. एकदा शनिवारच्या बाजारात ताकात भिजवलेला सोडा ब्रेड विकणाऱ्या एका आयरिश आजीबाईंना त्यांनी अदबीने सांगितलं की तुमचं ताक कालचं नाही, परवाचं आहे. मी शरमेने शेजारच्या गाजरांकडे बघत राहिले. आजीबाई मात्र कंबरेवर हात ठेवून माझ्या ताईला म्हणाल्या, "युअर मॅन हॅज सम नोज," म्हणजे काय नाक आहे या माणसाचं, आणि एक पाव त्यांना फुकट दिला. ताई नुसती हसली. ताई मेनूथला विद्यापीठात मातीवर संशोधन करते आणि मातीइतकीच गप्प असते. जेवणावर निकाल भावोजींनी द्यायचा आणि ताईने ताट उचलायचं, असं वीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या घरात सगळ्यांना ताप आला. बाकीचे बरे झाले. भावोजीही झाले, पण त्यांना वास यायचा बंद झाला तो झालाच. तीन आठवडे त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. एका सकाळी ओट्याशी बसून ते पेपर वाचत होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर दूध करपून कोळसा झालं, तेव्हा ताईला कळलं. खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला समजायचं, त्यापलीकडे सगळा पुठ्ठा. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. पण भावोजींचं निदान वेगळं होतं. "नाक गेलेलं नाही, निजलंय," ते म्हणायचे. "उकडलेल्या बटाट्यासाठी उठून बसायला त्याला काय पडलंय? त्याला जबरदस्त काहीतरी दाखवायला पाहिजे." त्या जबरदस्ताच्या शोधात त्यांनी बँकॉक आणि हनोईची तिकिटं काढली, आणि एकटं कसं जायचं म्हणून ताई आणि माझ्या भाचीबरोबर आम्हा नवरा-बायकोलाही ओढलं. माझा नवरा म्हणाला, लोक देव पाहायला जातात, आपण मासळीचा वास घ्यायला चाललोय. पण नाही म्हणायची छाती कुणाची झाली नाही, कारण विमानतळावर भावोजींच्या हातात एक क्लिपबोर्ड होता आणि चेहऱ्यावर परीक्षेला निघालेल्या पोराची धास्ती होती.

क्लिपबोर्डवर तक्ता होता. वेळ, पदार्थ, अंतर, निकाल. बँकॉकमध्ये आम्ही देवळं पाहिली, नदीतून होडीने फिरलो, पण आमचा खरा मुक्काम बाजारात. भावोजी वाळवलेल्या कोळंबीच्या टोपल्यांवर ओणवे व्हायचे, गवती चहाची पात चुरगळायचे, आंबवलेल्या माशांच्या सॉसची बाटली उघडून नाकाला लावायचे, आणि लिहायचे: शून्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्युरियन आणला. हे फणसाच्या काटेरी चुलतभावासारखं फळ. त्याचा वास असा की हॉटेलच्या दारावर त्याच्या चित्रावर फुली मारलेली पाटी असते. जन्मभर नियमाबाहेर पाऊल न टाकलेल्या या माणसाने ते फळ चार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून माझ्या भाचीच्या पोहण्याच्या पिशवीत लपवलं. पिशव्या चार आहेत म्हणजे वास बाहेर येणं अशक्य, असा त्यांचा हिशेब. आणि तो तपासायचं यंत्र तर बंद पडलेलं. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर चढलेली चार माणसं पहिल्याच मजल्यावर उतरली. भाची भिंतीला चिकटून पुटपुटली, "डॅड, आय'म बेगिंग यू." पाच मिनिटांत रिसेप्शनवरची मुलगी हात जोडून खोलीच्या दारात उभी. भावोजींनी तिची रीतसर माफी मागितली आणि क्लिपबोर्ड काढून विचारलं की दहापैकी किती? ती गोंधळून म्हणाली, "टेन, सर." त्यांनी लिहून घेतलं, इतरांना दहा, मला शून्य. मग ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. मला तोवर हसू आवरत नव्हतं, ते तिथेच थांबलं.

हनोईत तर नाकाने उठायलाच हवं होतं. जुन्या शहरात फुटपाथवर स्वयंपाक चाललेला, गुडघे कानाला लागतील एवढ्या बुटक्या स्टुलांवर बसून अख्खं गाव जेवतंय, शेजारून स्कूटरींचा पूर वाहतोय. रस्ता ओलांडताना भावोजी क्लिपबोर्ड छातीशी धरून असे चालायचे की समोरची वाहनं आपोआप वळायची. तीन दिवसांत एकोणीस पदार्थ झाले आणि एकोणीस शून्यं झाली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही एका आजींच्या गाडीवर कोंबडीच्या रश्शातल्या शेवया, म्हणजे फो, खायला बसलो. भावोजींनी दोन घोट घेतले, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "बास झालं. हे नाक आता उठत नाही. पुठ्ठा खायला एवढ्या लांब यायची गरज नव्हती."

 मग ताई, वाटीतून मान वर न करता, आवाज न चढवता म्हणाली, "आलं भाजून घातलंय. नुसतं नाही, चांगलं काळं होईपर्यंत निखाऱ्यावर भाजलेलं. धणे आहेत, पण थोडे. वर लिंबाचं पान बारीक चिरलंय, जून पान आहे. आणि कोंबडी कालची नाही." भावोजी तिच्याकडे बघतच राहिले. मग ते उठले आणि हातवारे करून गाडीवाल्या आजींना पातेल्यात काय काय आहे ते विचारू लागले. आजींनी झारा बुडवून वर काढला. त्यात आल्याचा काळाकुट्ट तुकडा होता. भावोजी परत येऊन बसले. "तुला हे सगळं आधीपासून कळतं?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "कळतं की." "मग कधी बोलली नाहीस ते?" "तुम्ही बोलत होता ना." यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते.  भावोजींनी आपली वाटी तिच्यापुढे सरकवली. "हीपण चाखून सांग. सावकाश सांग."

उरलेले दोन दिवस त्यांनी तक्ता भरला नाही. ताई खायची आणि सांगायची, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत घास चावायचे. बडबडी अशी ताई मी लहानपणीसुद्धा पाहिली नव्हती.

नाक अजून उठलेलं नाही. गेल्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मी भरली वांगी केली. कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, दाण्याची एक जुनी पिशवी पडली होती. उघडल्याबरोबर खवट वास आला. नवे दाणे आणायला खाली दुकानात जायचं, तर कंटाळा आला, आणि मनात आलं, आता कोण ओळखणार आहे? लाज वाटते सांगायला, पण आलं खरं. भावोजींनी पहिला घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "झकास झालीत गं." अकरा वर्षं मी या एका शब्दासाठी झुरत होते. तो मिळाला आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला.

तेवढ्यात ताई त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजली. भावोजींनी चमचा खाली ठेवला. पाठ ताठ केली, डोळे मिटले, आणि त्या जुन्या, ठेवणीतल्या, नापासाचा शिक्का मारणाऱ्या आवाजात म्हणाले, "दाणे खवट आहेत."

"हो भावोजी, जुने होते," मी म्हटलं. "मुद्दाम घातले. चुकलं माझं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं असावं. ताटलीतलं वांगं त्यांनी संपवलं, आणि दुसरं घेण्याआधी ताईकडे बघून हळूच विचारलं, "फार खवट आहेत का गं?"