भागीबाई आणि आठ खाने

भागीबाई पहिल्यांदा शाळेत आली तेव्हा आत आलीच नाही. पोरीला दारातून आत ढकललं आणि स्वतः खिडकीशी उभी राहिली. मी हजेरी घेतली, कविता म्हणवून घेतली, तरी बाई हलेना. शेवटी वैतागून मी विचारलं, "काही काम आहे का?"

"नाय. बघते."

"काय बघता?"

"काय शिकवता ते."

वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनीसुद्धा माझी इतकी बारीक तपासणी केली नव्हती.

मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागा लागतात, तिथे आमची जिल्हा परिषदेची शाळा. भातकापणी उरकली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं बागांच्या कामाला इकडे येतात आणि त्यांची मुलं चार महिने आमच्या पटावर असतात. भागीबाई त्यांतलीच. तिशीची, काटक, तोलून बोलणारी. कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा नियमच. डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी तिघांना दाखवणार, मग खाणार. मुकादम म्हणाला उद्या सुट्टी, तर ही सकाळी बागेच्या फाटकापर्यंत जाऊन खात्री करून येणार. आणि मी तर तिला पहिल्या दिवसापासूनच पटलो नव्हतो.

त्या वर्षी मी एका प्रशिक्षणाहून नवी विद्या घेऊन आलो होतो. हुशारी एकाच प्रकारची नसते, आठ प्रकारची असते. कोणी शब्दांत हुशार, कोणी आकड्यांत, कोणी गाण्यात, कोणी हातापायांनी. ज्याची हुशारी ज्यात, त्याला त्या वाटेने इंग्रजी शिकवायचं. मला हे मनापासून पटलं. मी कार्डशीटवर आठ खाने आखले, प्रत्येकात चित्र काढलं आणि तिसरीच्या बावीस मुलांची नावं त्यांत वाटून टाकली. भागीबाईची ललिता एका जागी पाच मिनिटं बसत नसे. तिचं नाव हाताचं चित्र असलेल्या खान्यात गेलं. पुस्तकाचा खाना माझ्या लाडक्या चार मुलांचा. गाणारे इंग्रजी गाणी म्हणायचे, हातापायवाले 'जंप', 'क्लॅप' ओरडत उड्या मारायचे आणि पुस्तकवाले वाचायचे. वर्ग खुशीत होता आणि मी त्याहून.

डिसेंबरात एकदा भागीबाईने खिडकीतून तो तक्ता नीट पाहिला. तिला अक्षरं येत नव्हती, पण चित्रं दिसत होती. तुझं नाव कुठं, असं तिने पोरीला विचारलं. ललिताने ऐटीत हाताकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून ललिता शाळेत येईना.

काय झालं असणार, याची मला पक्की खात्री होती. डिपिंगचे दिवस होते, म्हणजे द्राक्षांचे घड एकेक करून औषधात बुडवायचे. तेव्हा माणसं कमी पडतात. घातली असेल पोरीला कामाला! आणि खिडकीत उभं राहून बघणं वगैरे सगळं नाटक. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मोटारसायकल काढली. हिला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून गेलो.

ललिता बागेच्या बांधावर, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी बसली होती. पुढ्यात पाटी, पाटीवर ए पासून झेडपर्यंत अक्षरं, त्यातली अर्धी उलटी. वेलींच्या मंडपाखालून भागीबाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत औषधाने ओले.

"पोरीला शाळेत का पाठवत नाही?" मी आवाज चढवला.

"कशाला पाठवू? तुमच्या कामाच्या यादीत घालाया?"

"कसली यादी?"

"गुरुजी, पेठ नाक्यावर आमी सकाळी उभं ऱ्हातो. मुकादम येतो, हात बघतो. तू घडांच्या विरळणीला, तू ओझ्याला. एकदा यादीत नाव पडलं की मग ते हलत नाय. माझं आजवर नाय हललं. तुमी बी तेच केलं. चौघांना पुस्तक दिलं, माझ्या पोरीला हात दिला."

मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. मग समजावू लागलो. ही हुशारीच आहे, यात कमीपणा नाही, सगळ्या हुशाऱ्या सारख्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमाला पोरगी हाय ना?"

"आहे. पूजा."

"ती कोणत्या खान्यात?"

पूजा शहरातल्या इंग्रजी शाळेत जाते. तीही दिवसभर उड्या मारते, वाचायचा तिला भारी कंटाळा. म्हणून तर रोज संध्याकाळी मी तिला धरून वाचायला बसवतो. हे सगळं मला तिथे बांधावर आठवलं. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

"उद्या पाठवा," मी म्हणालो. "वाचायला शिकवतो."

"बघते," ती म्हणाली.

तक्ता मी त्याच दिवशी उतरवला. दुसऱ्या दिवशी ललिता आली. पण प्रशिक्षणातलं सगळंच काही खोटं नव्हतं. ललिता बसून शिकत नसे, हे खरंच होतं. मी अंगणात खडूने मोठी अक्षरं काढली. सी वर उडी, ए वर उडी, टी वर उडी, आणि शब्द मोठ्याने वाचायचा. मग तोच शब्द पाटीवर, मग पुस्तकात. आधी मी उड्यांवरच थांबत होतो. आता उड्या झाल्या की तिला पुस्तकाशी बसावंच लागे. रुसली, रडली, पण जानेवारी सरता सरता छोटी वाक्यं वाचू लागली. खिडकीत आई होतीच.

फेब्रुवारीत त्यांची परत जायची वेळ आली. मी भागीबाईला मुद्दाम वर्गात बोलावलं. ललिताने पुस्तकातलं पान घडाघडा वाचलं. मी मोठ्या तोऱ्यात आईकडे पाहिलं.

"पाठ असंल," भागीबाई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. पण तिचा हात पिशवीत होता. तिने बागेतल्या औषधाची रिकामी बाटली काढली आणि लेकीपुढे धरली. "हे वाच."

ललिता बोट ठेवून चाचपत गेली. बरेच शब्द लागले नाहीत, ते तिने सोडून दिले. मग लाल अक्षरांतल्या एका ओळीवर थांबली. "डू नॉट टच... विथ... बेअर हँड्स."

"म्हंजी काय?" भागीबाईने मला विचारलं.

"उघड्या हाताने शिवू नका."

तिने स्वतःचे हात पुढे धरले. बोटांची सालं निघाली होती, तळव्यांना भेगा.

"दोन हंगाम घड बुडवते मी ह्यात," ती म्हणाली. "तुमी बांधावर आलता तवा बाटल्या तिथंच पडल्या व्हत्या. माझे हात बी बघितले. तुमाला तर वाचता येतं, गुरुजी."



भागीबाईने बाटली लेकीच्या हातात दिली. "चल. मुकादमाफुडं वाच."