यंत्रातली बाई

गाडीसाठी रस्ता दाखवणारं यंत्र निवडायला आम्ही दुकानात गेलो.

"साहेब, आवाज बाईचा ठेवू की पुरुषाचा?" दुकानदाराने विचारलं.

"बाईचाच ठेवा, गोड वाटतो," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न झाल्यापासून शेजारच्या सीटवरून मी "अहो, डावीकडे" म्हटलं, की ह्यांचं ठरलेलं उत्तर, "तुला काय कळतं रस्त्यातलं?" बाईचा आवाज ह्यांना हवाच असतो, फक्त त्याच्यामागे बाई नको असते.

परतताना यंत्र म्हणालं, "डावीकडे वळा." हे मुकाट्याने वळले. ती गल्ली पुढे गटारासाठी खणून ठेवली आहे, हे सकाळीच मला भाजीवालीने सांगितलं होतं.

मी सीटबेल्ट घट्ट ओढला आणि गप्प बसले.