'शेजारघर' सुरू व्हायच्या आधी

वेबसाइट चालवणं किती अवघड असतं ते सगळे सांगतात. पण ती सुरू व्हायच्या आधी काय काय होतं, ते कुणी सांगत नाही! आणि खरी गंमत तिथेच असते. आमच्याकडे राहायला आलेले पाहुणे जेवण झाल्यावर ओटीवर पाय पसरून बसतात आणि विचारतात, "हे सुचलं कसं हो तुम्हाला?" मी एक किस्सा सांगायला घेतो. त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा. शेवटी आतून बायको ओरडते, "अहो, झोपू द्या त्यांना!"

तर आधी माणसं सांगतो. मी दिवेआगरचा, नाझनीन मुरुडची. कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती कोड लिहिते, मी बडबड करतो, अशी आमची कंपनी. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड या पट्ट्यात ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, अशी घरं एका साइटवर आणायची, एवढीच कल्पना. वादळात वाड्या आडव्या झाल्या, नवीन सुपारी धरायला वर्षं जातात. तोवर कितीतरी घरं या दोन खोल्यांवरच चालली आहेत.

नाझनीनच्या अब्बांनी मात्र अट घातली होती. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कर काय करायचं ते. लोक आले तर ठीक. नाय तर बंगळूरची नोकरी घ्यायची." नोकरी चांगली होती, पत्र येऊन पडलं होतं. म्हणजे साइट उघडायच्या दिवशी लोक दारात उभे असायला हवेत, आणि त्यासाठी आधीपासून बोभाटा व्हायला हवा. ऑनलाइन फुकट सल्ला देणारे आमचे एक मेंटॉर सर होते. ते दर आठवड्याला एकच सांगायचे, "एक्स्पोजर! साइट उघडायच्या आधी एक्स्पोजर पाहिजे!"

ते आम्हाला मिळालं. कसं मिळालं, ते ऐका.

*

पहिली पायरी म्हणजे घरं गोळा करणं. सुरुवात सुधाकाकूंपासून केली. सुधाकाकू नात्याने कुणाच्याच काकू नाहीत, म्हणून अख्ख्या आळीच्या आहेत. नाझनीन लॅपटॉप उघडून बसली.

"काकू, तुमच्या घराचं वैशिष्ट्य काय लिहू?"

काकूंनी जरा विचार केला. "समोरच्या नलूकडे जा. तिच्यासारखे मोदक कुणाला जमत नाहीत."

"काकू, तुमच्या घराचं!"

"अगं, माझ्याकडे काय, खोल्या आहेत. नलूची विहीर बघ, काय गोड पाणी!"

आम्ही समोर नलूमावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "छे! सुधाकडची अंबाड्याची भाजी लिहा आधी." पुढचं घर, त्याच्या पुढचं घर, सगळीकडे हेच. आमच्याकडे पद्धतच तशी. आपल्याकडे जागा नसली तर पाहुण्याला नुसतं "नाही" म्हणत नाहीत, त्याची बॅग उचलून शेजारी नेऊन सोडतात.

नाझनीनने डोक्याला हात लावला. "यांना मार्केटिंग येतच नाही रे! प्रत्येक जण दुसऱ्याचीच जाहिरात करतोय."

मग तीच म्हणाली, "थांब. साइटचं नाव मिळालं. शेजारघर!" तिने प्रत्येक घराच्या पानावर शेजाऱ्याने केलेलं कौतुक टाकलं. मोठ्या मोठ्या साइटवाल्यांना हे आजवर सुचलेलं नाही, आणि सुचलं तरी त्यांना शेजारी कुठून मिळणार!

*

मग मी म्हटलं, एक फ्लेक्स लावू. मजकूर साधा होता: "लवकरच येत आहे, शेजारघर. आपल्या माणसांकडे राहा." श्रीवर्धनच्या फ्लेक्सवाल्या बंड्याशेठना फोनवर सांगितला आणि निर्धास्त झालो. तीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर जाऊन बघतो तर फ्लेक्सवर मी! पांढराशुभ्र कुर्ता, हात जोडलेले. माझ्याकडे पांढरा कुर्ताच नाही. बंड्याशेठकडे अंग तयार असतं, फक्त डोकं बसवायचं बाकी असतं. शेजारी नाझनीन, डोक्यावर पदर घेतलेली, तिचेही हात जोडलेले. खाली लिहिलेलं, "शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार."

"बंड्याशेठ, हे काय?"

"फोटोशिवाय फ्लेक्स कोण वाचतो? आणि काळजी करू नका, फोटोचे एक्स्ट्रा लावले नाहीत."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आम्ही दोघं उभे राहतोय. कुठून, ते कुणालाच माहीत नव्हतं. एका आजींनी नाझनीनला रस्त्यातच अडवलं. "पोरी, नळाला आठ दिवस थेंब न्हाय. तुला मत देईन, पण आधी पाणी आन!"

समजावून काही उपयोग नव्हता. नाझनीनने सरळ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन लावला आणि तक्रार नोंदवली. कुठलासा व्हॉल्व्ह नादुरुस्त होता म्हणे, तो बदलला गेला. पाणी आलं! दोन दिवसांनी आजी अख्खा बचत गट घेऊन हजर. गटातल्या ज्यांच्या ज्यांच्या घरी पाहुण्यांची खोली होती, त्या सगळ्यांनी नावं दिली. जाताना आजी म्हणाल्या, "निवडून यायच्या आधी काम करनारी पयलीच बघितली बाय!"

*

घरं मिळाली, आता फोटो हवे होते. आम्ही सगळ्यांना निरोप पाठवला: घराचे दोन चांगले फोटो पाठवा.

फोटो आले. प्रत्येक फोटोत घरासमोर अख्खं कुटुंब, ठेवणीतल्या कपड्यांत, उंचीनुसार ओळीत उभं. मागे कुठेतरी घराचा कोपरा. मी एका यजमानांना फोन केला, "भाऊ, माणसं नकोत, नुसतं घर पाहिजे."

"नुसतं घर?" त्यांचा आवाजच उतरला. "म्हणजे आमच्याकडे काहीतरी बरंवाईट झालंय असं लोकांना वाटेल!"

नाइलाजाने तेच फोटो टाकले. साइटचं पहिलं पान एखाद्या लग्नाच्या अल्बमसारखं दिसत होतं. त्यावर एक बटण ठेवलं होतं, "सुरू झाल्यावर मला कळवा". दोन दिवस कुणी ते दाबलं नाही. तिसऱ्या दिवशी नाशिकहून पहिली नोंद आली! आम्ही उड्या मारल्या. मग खालचा मजकूर वाचला: "खोलीचं नंतर बघू. तिसऱ्या फोटोतल्या हिरव्या साडीतल्या मुलीचं लग्न ठरलंय का?"

निरोप पोचवणं भाग होतं. हिरव्या साडीतली मुलगी श्रीवर्धनच्या शाळेत शिकवते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी त्यांना दोन दिवस राहायला येऊ देत. पैसे भरून!"

*

मुरुडला नाझनीनच्या अम्मींना एक्स्पोजर हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी फक्त घरच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाकला. "माझ्या नाझूचं दुकान उघडतंय, मोबाईलवरचं. एकेकानं नाव टाका. न टाकेल त्याच्याशी मी ईदला बोलणार नाय."

त्या मेसेजची ताकद आम्हाला शुक्रवारी दुपारी कळली. नमाजानंतर जो तो मोकळा झाला आणि आमची साइट बसली! नाझनीन घामाघूम. तिला वाटलं कुणी हल्ला केला. बघते तर कुवेत, दोहा, मस्कत, बहारीन. नावामागून नावं, आणि प्रत्येक नावाखाली दुवा. "अल्लाह कामयाब करे बेटा."

यातल्या निम्म्या लोकांना मुरुडला स्वतःचं घर आहे. त्यांना खोली कशाला हवी! पण त्यांनी तिथे आपल्या बरोबर काम करणाऱ्या मराठी, गुजराती, मल्याळी दोस्तांना लिंक पाठवली, आणि सुट्टीवर आलेली त्यातली काही कुटुंबं आजही आमच्याकडे उतरतात. मी त्या अनोळखी माणसांचा फार ऋणी आहे.

त्या आठवड्याच्या कॉलवर मेंटॉर सरांनी साइटच्या ट्रॅफिकचा नकाशा पाहिला आणि खुर्चीतून पुढे झुकले. "तुम्ही डायरेक्ट गल्फ मार्केटमध्ये? काय स्ट्रॅटेजी आहे ही?"

नाझनीन म्हणाली, "सर, मामू आहेत."

*

सरांनीच सुचवलं म्हणून पुण्याची एक रीलवाली बोलावली. मुलगी गोड होती, पण तिला समुद्रातून उगवणारा सूर्य हवा होता. सुधाकाकू म्हणाल्या, "बाळा, आमचा समुद्र पश्चिमेला. इथे तो मावळायला येतो." मग तिने ड्रोन उडवला, आणि तो पहिल्याच फेरीत नलूमावशींच्या माडात जाऊन बसला.

नारळ पाडायला येणारा रघू तिथेच होता. अंगात आमचा 'शेजारघर' लिहिलेला टी-शर्ट. जाहिरात म्हणून नाही, चढताना छाती खरचटत नाही म्हणून. तो सरसर वर गेला. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो, रीलवालीबरोबर आलेली मैत्रीण मोबाईलवर शूट करत होती. रघूने झावळ्यांत हात घातला, ड्रोन मोकळा केला, आणि सवयीने ओरडला, "व्हा रे बाजूला!"

आणि दिला खाली सोडून!

नलूमावशी दोरीवरची चादर ओढत धावल्या, काकूंनी दुसरं टोक धरलं. ड्रोन चादरीत पडला. रीलवाली आधी किंचाळली, मग खाली बसून हसत सुटली. तिने दुसरं काही टाकलंच नाही, तेवढंच टाकलं. तिने मनात आणलं असतं तर आमच्या नावाने बोटं मोडली असती, पण उलट लिहिलं, "इथे काहीही पडलं तरी झेलणारी माणसं आहेत." लोकांनी ते कुठल्या कुठे पोचवलं. रघूच्या पाठीवरचं नाव वाचून लोक विचारायला लागले, शेजारघर म्हणजे काय?

मी रघूचे आभार मानायला गेलो, तर तो हात जोडून म्हणाला, "माझं नाव लावू नका कुठं. बायको म्हनंल, नारळ सोडून काय पाडीत फिरतो हा!"

*

शेवटी दिवाळीच्या आधी एका सकाळी साइट उघडली. मी आणि नाझनीन आमच्या पडवीत लॅपटॉपसमोर बसलो होतो. बंगळूरवाल्यांना त्याच दिवशी हो किंवा नाही कळवायचं होतं.

पहिलं बुकिंग आलं. मग दुसरं. मग धडाधड. चहा प्यायच्या आत दिवेआगरमधली सगळी घरं फुल! मी खुर्चीवर चढून नाचलो. नाझनीनने यादी उघडली आणि हळूच म्हणाली, "खाली उतर. नावं वाच."

नलूमावशींच्या खोलीत सुधाकाकू. सुधाकाकूंच्या एका खोलीत नलूमावशी. रघू सहकुटुंब त्याच्याच गल्लीतल्या घरात. प्रत्येकाने शेजारची खोली घेतली होती! पोर बंगळूरला जाऊ नये म्हणून सुधाकाकूंनी आदल्या संध्याकाळी आळीत फिरून हे ठरवलं होतं. नाझनीन रडली. सरळच सांगतो, मीही रडलो.

पण त्याचा परिणाम असा की खऱ्या पाहुण्यांना सगळं फुल दिसायला लागलं. पुण्याहून, ठाण्याहून फोन. "अहो, पहिल्याच दिवशी फुल? एवढं काय आहे तुमच्याकडे? बघा ना, कुठे जागा होते का!" मी धावत सुधाकाकूंकडे गेलो. "काकू, बुकिंग रद्द करा, खरे लोक येतायत!"

"त्यांना देऊ की खोल्या. पण मी रद्द करणार नाही," काकू म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा पाहुणी म्हणून चालले आहे. बॅगसुद्धा भरली."

आणि खरोखर बॅग घेऊन बाहेर पडल्या. समोरून नलूमावशी येत होत्या, हातात बॅग. दोघी रस्त्याच्या मधोमध थांबल्या.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे. बुकिंग आहे."

"माझं तुझ्याकडे आहे!"

दोघींनी बॅगा खाली ठेवल्या. मग नलूमावशी म्हणाल्या, "सुधा, मग चहा कोण करणार?"

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली. आतून अम्मी उतरल्या आणि मागून अब्बा, हातात छोटी सूटकेस. मुरुडच्या स्टँडजवळ त्यांचं चहा-खारीचं दुकान आहे. ईद सोडून ते बंद ठेवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आले होते. सुधाकाकूंची दुसरी खोली कुणी घेतली ते यादीत आम्ही बघितलंच नव्हतं.

अब्बांनी दोन बॅगा आणि दोन बायका रस्त्यात उभ्या बघितल्या. नलूमावशींचा प्रश्न त्यांनी ऐकला असावा. "भाभी, साखर कुठं ठेवता तेवढं दाखवा," म्हणाले, आणि सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात शिरले.

ओटीवर सगळ्यांना चहा देऊन झाला. नाझनीन कप हातात धरून उभीच होती. अब्बा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या साइटमध्ये एक चूक हाय."

"कुठली?"

"नाव टाकलं, कधी येणार ते टाकलं. मग विचारते, जाणार कधी? ते टाकल्याशिवाय पुढं जाऊच देत नाय. पाहुण्याला दारातच जायची तारीख विचारतात काय कोणी? काढून टाक तो कॉलम."

सगळे हसले. नाझनीन हसली नाही. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "अब्बा, आणि माझी जायची तारीख?"

अब्बांनी बशीत चहा ओतला.

"काढ म्हटलं ना तो कॉलम!"