मलपृष्ठावरची पोच

आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड एका उंचीने, एका रांगेत उभे आहेत. ती शिस्त माझी. तरुणपणी तिथे नोकरीला लागले तेव्हा ते अंक सुतळीने बांधून माळ्यावर पडले होते. मी ते उतरवले, महिन्यांप्रमाणे लावले आणि खडेबाजारातल्या बाइंडरकडे देण्याआधी प्रत्येक अंकाचं रंगीत कव्हर फाडून टाकलं. त्यावरच्या तेलाच्या नि टॉनिकच्या जाहिराती कोण वाचणार? सगळीकडे तशीच पद्धत होती, आणि मला तर नीटनेटकेपणाची भारी हौस. बाइंडरने त्या कव्हरांच्या जाळावर चिकटवायची खळ शिजवली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शहापुरात मागावर साड्या विणायचे. वाचनालयाची पायरी ते कधी चढले नाहीत. "आमचं काय काम हितं?" म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी मागावरून उठून लिहीत एक कादंबरी पुरी केली होती, पदरमोड करून छापली होती, हे त्यांनी मला सांगितलं ते अगदी म्हातारपणी. घरात तिची एकही प्रत उरली नव्हती. वाळवीला साहित्याची आवड असते.

त्या काळी लेखक आपलं पुस्तक मासिकाकडे धाडत. दोन प्रती धाडल्या तर आत परीक्षण यायचं. एकच धाडली तर मलपृष्ठावर, म्हणजे मागच्या कव्हरवर, बारीक टाइपात नुसती 'साभार पोच': पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, संपलं. आजोबांना दुसरी प्रत द्यायला जीव झाला नाही. पोच छापून आली त्या दिवशी मात्र त्यांनी माग थांबवला आणि तो अंक गल्लीभर दाखवत हिंडले. मागोमाग सात वर्षांचे आप्पा.

"तुझ्या लायब्ररीत असंल न्हवं त्यो अंक?" मासिकाचं नाव सांगून आप्पा म्हणाले. "माझ्या बाचं नाव एकदा वाचून दाखीव गं. डोळं गेल्यात, कान हायत अजून."

मला वेड्यासारखा आनंद झाला. त्या वर्षाचा खंड आमच्याकडे पूर्ण होता. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, खंड काढून चाळला. एक अंक संपत होता आणि लगेच पुढचा सुरू होत होता. मधे काहीच नव्हतं. तिथेच कपाटाआड उभी राहून मी रडले.

कोल्हापूर, सांगली, पुणे, सगळीकडे पत्रं घातली. सगळीकडे माझ्यासारखेच नीटनेटके लोक.

तोवर आप्पांनी अंथरूण धरलं होतं. माझी चाहूल लागली की एकच विचारायचे, "गावला काय?" शेवटी मी तो खंड घरी आणला, एक पान उघडलं आणि आप्पांनीच सांगितलेलं कादंबरीचं नाव, आजोबांचं नाव खड्या आवाजात वाचलं. आप्पांनी हात पुढे केला. मी त्यांचं बोट एका ओळीवर ठेवलं. तिथे भलत्याच कुणा लेखकाचं कौतुक छापलं होतं. त्यांनी ते पान चिमटीत धरून हळूच चोळलं. उभा जन्म त्या बोटांनी सुताचा पोत ओळखला होता, हे मी विसरले होते.

"कव्हर जाड हुतं गं," ते म्हणाले. "ह्ये आतलं पान हाय."

मग मी सगळं सांगितलं. कव्हरं कुणी फाडली, कशाला जाळली. आप्पांनी चिमटीतलं पान सोडलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"नाव तर बराबर वाचलीस," ते म्हणाले. "वाच आणि एकदा."

मी खंड मिटला आणि पुन्हा वाचलं.